दहा पिशव्या लागणार, हे पहिल्या दहा मिनिटांत कसं ओळखायचं?

भूलथापा (धागाकर्ता)

आयडी वाचून हसू नका. मी भूल देतो, थापा मारत नाही. हायवेला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावी चाळीस खाटांचं हॉस्पिटल आहे, तिथे असतो. गावात रक्तपेढी नाही. सगळ्यात जवळची अठ्ठावीस किलोमीटरवर, मध्ये एक रेल्वे फाटक.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. मोटारसायकल आणि पिकअपची धडक, दोन जखमी आले. एकाच्या डोक्याची कातडी फाटलेली, कपडे रक्ताने माखलेले, आरडाओरडा चाललेला. दुसरा गप्प. अंगावर खरचटल्यापलीकडे काही नाही. पाणी मागत होता आणि सारखी चुळबुळ करत होता. साहजिकच कॅज्युअल्टीतली सगळी माणसं पहिल्याभोवती. दुसऱ्याचं बीपी १०४/७६, नाडी ११८. "ठीक आहे, घाबरलाय जरा," असं म्हणणारा मीच.

पहिला टाके घालून दुसऱ्या दिवशी घरी गेला. दुसऱ्याची प्लीहा फाटली होती आणि पेल्विस (कमरेचं हाड) मोडलं होतं. चाळीस मिनिटांनी त्याचं बीपी ८६ आणि नाडी १३२. पहाटेपर्यंत अकरा पिशव्या लागल्या. त्या आम्ही मागवल्या कशा? आधी दोन. मग अजून दोन. मग "सर, अजून लागतील का?" असं विचारत पुन्हा दोन. प्रत्येक खेपेला नातेवाइकांची गाडी, फाटक, पेढी, परत फाटक. माणूस वाचला, पण तीन आठवडे डायलिसिसवर होता.

नंतर शांतपणे बसून मी त्याचा एबीसी स्कोअर काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००९ साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मांडलेले हे चार प्रश्न आहेत. जखम चाकू-गोळीसारखी आत घुसलेली आहे का? वरचं बीपी ९० किंवा त्याहून कमी आहे का? नाडी १२० किंवा त्याहून जास्त आहे का? आणि फास्ट, म्हणजे घाईघाईने केलेल्या सोनोग्राफीत, पोटात किंवा हृदयाभोवती रक्त दिसतं का? प्रत्येकी एक गुण. दोन गुण झाले की हा रुग्ण भरपूर रक्त खाणार असं समजून तयारीला लागायचं. रक्ताची एकही तपासणी लागत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना तो फार आवडतो.

माझ्या रुग्णाचे दारात आल्यावरचे गुण: घुसलेली जखम नाही, शून्य. बीपी १०४, शून्य. नाडी ११८, म्हणजे दोन ठोक्यांनी शून्य. फास्टमध्ये पोटात रक्त, एक. एकूण एक. म्हणजे स्कोअर वापरला असता तरी मी गाफीलच राहिलो असतो.

तुमच्याकडे काय वापरता? वापरता का मुळात?

कुतूहलराव

मी डॉक्टर नाही, माफ करा. पण दहा-अकरा पिशव्या म्हणजे नक्की किती? माणसाच्या अंगात रक्त असतं तरी किती?

भूलथापा

माफी कशाला, चांगला प्रश्न आहे. ढोबळमानाने किलोमागे ७० मिली. साठ किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास. एका रक्तदानात ३५० किंवा ४५० मिली घेतात. म्हणजे दहा जणांनी दिलेलं रक्त चढवणं म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त बदलणंच झालं. म्हणूनच चोवीस तासांत दहा किंवा जास्त पिशव्या लाल पेशी लागल्या तर त्याला मॅसिव्ह ट्रान्सफ्युजन म्हणायची जुनी पद्धत आहे.

थेम्सकाठी

मी मूळची सातारची, सध्या इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागात. त्या "चोवीस तासांत दहा" व्याख्येवर आमच्याकडे आता फार कोणी विसंबत नाही आणि त्याचं कारण जरा अंगावर काटा आणणारं आहे. जो माणूस दोन तासांत, सहाव्या पिशवीवर दगावला, तो या व्याख्येत बसतच नाही! ज्याला सर्वांत जास्त गरज होती तोच यादीतून गळतो. उलट दिवसभरात सावकाश दहा पिशव्या लागलेला माणूस बसतो. त्यामुळे हल्ली वेग बघतात: एका तासात तीन पिशव्या, किंवा पहिल्या अर्ध्या तासात रक्त-सलाईन धरून चार एकक. एकूण किती पाणी सांडलं यापेक्षा नळ किती जोरात गळतोय ते बघायचं.

तुमच्या रुग्णाबद्दल: शॉक इंडेक्स काढलात का? नाडी भागिले वरचं बीपी. आल्गोवर आणि बुरी या दोघांनी १९६७ साली मांडलेली साधी गोष्ट. धडधाकट माणसात ०.५ ते ०.७. एकच्या वर गेला की सावध. तुमचा रुग्ण ११८ भागिले १०४, म्हणजे १.१३. दोन्ही आकडे सुटेसुटे बघितले तर बरे वाटतात, एकमेकांशेजारी ठेवले की बोंब मारतात.

भूलथापा

हो. आणि हेच मला झोंबलं. भागाकारसुद्धा नको. वरच्या बीपीपेक्षा नाडीचा आकडा मोठा दिसला की बास.

शरीर किती हुशारीने फसवतं बघा. तरुण माणसाचं पंधरा ते तीस टक्के रक्त गेलं तरी वरचं बीपी जवळपास जागच्या जागी राहू शकतं. हातापायांकडचा पुरवठा आवळून हृदय-मेंदूकडे वळवला जातो. आधी नाडी वाढते, वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर कमी होतं (१०४/७६, फक्त अठ्ठावीसचं अंतर, हेही मी पाहिलं नाही). बीपी खरोखर कोसळतं तेव्हा तीस-चाळीस टक्के रक्त गेलेलं असतं. ९० च्या खाली जाईपर्यंत थांबणं म्हणजे घर जळून पत्रे खाली पडल्यावर बंबाला फोन करणं.

सायरन

मी १०८ वर आहे, बीएएमएस. गाडी खड्ड्यांतून जाताना मशीनचं बीपी कधी १४० दाखवतं, कधी काहीच नाही. मग मनगटावर नाडी लागते का, एवढंच बघतो. पण थेम्सकाठी ताई म्हणतात तसं "नाडी बीपीच्या वर गेली" हे पोचण्याआधी फोनवर सांगता येईल. आम्ही फोन करतो, "सिरीयस पेशंट आणतोय." पलीकडून "बरं, आणा." संपलं. सिरीयस म्हणजे काय, हे आम्हीही सांगत नाही, तेही विचारत नाहीत.

एक शंका. म्हाताऱ्या माणसांत हे चालतं का? परवा एक आजोबा, बीपीची गोळी चालू, मांडीचं हाड मोडून पाय सुजलेला, नाडी ८२. आणि नंतर कळलं हिमोग्लोबिन ६.

भूलथापा

नाही चालत. बीटा ब्लॉकरवर (नाडी आवरून धरणारी बीपीची गोळी) असलेल्या माणसाची नाडी वाढतच नाही. शिवाय ज्याचं रोजचं बीपी १६० आहे, त्याचं ११० म्हणजे आपल्या ८० सारखंच. त्या आजोबांचा शॉक इंडेक्स ०.७५ आला असता आणि आपण चहा प्यायला गेलो असतो. गरोदर बाई आणि लहान मुलं यांचेही आकडे वेगळे. पोरं तर शेवटपर्यंत बीपी टिकवून धरतात आणि मग एकदम कोसळतात.

आकडेमोडे

मी विमा कंपनीत जोखमीची गणितं करतो, वैद्यक कळत नाही, पण वरच्या चर्चेत एक जुनी चूक दिसतेय म्हणून लुडबुड.

भूलथापा, एका रुग्णावर मागाहून स्कोअर बसवून पाहणं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर सोडवणं. शॉक इंडेक्सने तुमचा रुग्ण पकडला असता हे खरं, पण त्याच रात्री नुसत्या भीतीने किंवा दुखण्याने नाडी वाढलेले अजून किती जण त्याने पकडले असते?

एबीसीच्या मूळ अभ्यासात दोन गुणांच्या रेषेला संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले) ७५ टक्के आणि विशिष्टता (बाकीच्यांपैकी किती बरोबर सोडले) ८६ टक्के होती असं वाचलं. आता गृहीत धरू की हजार जखमींपैकी तिसांना खरोखर प्रचंड रक्त लागणार आहे. (आकडा माझा, फक्त हिशेबासाठी.) ७५ टक्के म्हणजे साधारण तेवीस सापडले, सात निसटले. उरलेल्या ९७० पैकी १४ टक्के, म्हणजे १३६ जणांसाठी उगाच घंटा वाजली. एकूण घंटा १५९, खऱ्या २३. सातातली एक. "८६ टक्के" हा आकडा ऐकून कोणाला वाटलं असतं का की सातांतल्या सहा वेळा खोटी घंटा वाजेल?

मग प्रश्न स्कोअर चांगला की वाईट हा राहतच नाही. खोटी घंटा किती महाग आणि चुकलेली घंटा किती महाग, हा आहे. ते तुम्ही सांगायचं.

पेढीवरचा

माझ्या आयडीवरून मागच्या धाग्यावर कोणीतरी कंदी पेढ्यांचा भाव विचारला होता. रक्तपेढीवर टेक्निशियन आहे हो.

आकडेमोडे साहेबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे आहे. खोटी घंटा वाजली की माझ्याकडे काय होतं ते ऐका. प्लाझ्मा, म्हणजे एफएफपी, उणे तीसच्या फ्रीजरमध्ये दगडासारखा असतो. ३७ अंशांच्या पाण्यात विरघळवायला वीस ते तीस मिनिटं. एकदा विरघळला की परत गोठवता येत नाही. वापरला नाही तर फेकायचा. प्लेटलेटचं आयुष्य पाच दिवस, तेही सतत हलत्या ट्रेवर. तुमच्यासाठी अडकवून ठेवलेल्या चार पिशव्या त्याच दुपारी थॅलेसेमियाच्या पोराला मिळाल्या असत्या. आणि हे सगळं मे महिन्यात आणा डोळ्यांसमोर. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, माणसं गावाला गेलेली.

पण दुसरं अर्धं उत्तरही देतो. दोन-दोन पिशव्या मागवणं आम्हालाही नको असतं. नमुना, फॉर्म, ग्रुप, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून पाहणं), सगळं धरून पहिल्या पिशवीला पाऊण तास जातोच. पहिल्या नमुन्यावर एकदम सहा पिशव्या जुळवून ठेवल्या तर पुढच्या पाच नुसत्या हातात द्यायच्या राहतात. दोन नेल्या, परत दोन, परत दोन, की तीनदा तेच काम. बऱ्याचदा दुसऱ्या खेपेला नवा नमुना आणलेला असतो, तोपर्यंत पेशंटच्या अंगात निम्मं रक्त दुसऱ्याचं झालेलं!

कुतूहलराव

ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं ना? मग जुळवत कशाला बसायचं, तेच दोन-चार ठेवा की तयार.

पेढीवरचा

आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसंच शंभरात पाचेक. त्यातले ओ किती उरतील बघा. म्हणून जीव जायची वेळ आली तर पुरुषांना आणि पाळी गेलेल्या बायकांना न जुळवलेलं ओ पॉझिटिव्हही देतात, ओ निगेटिव्ह तरुण बायका आणि मुलींसाठी राखून ठेवतात.

आणि "सगळ्यांना" म्हणालात म्हणून सांगतो, आपल्याच मुंबईने त्याला अपवाद शोधलाय. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी केईएममध्ये असे लोक शोधले की ज्यांच्या लाल पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटात असतो तो एच सुद्धा नाही. तोच बॉम्बे गट. साध्या तपासणीत ते ओ वाटतात, पण त्यांना ओ रक्त दिलं तर ते फुटतं, कारण त्यांच्या प्लाझ्मात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात. मुंबईकडे साधारण दहा हजारांत एक. जुळवायला वेळ मिळाला तर तो क्रॉसमॅचमध्ये सापडतो, म्हणून आम्ही वेळ मागतो. आळस म्हणून नाही.

सिस्टर_निवृत्त

एकतीस वर्षं कॅज्युअल्टी केली, त्यातली बावीस रात्रपाळीची. तुमचे स्कोअर येण्याआधीपासून.

भूलथापा सर, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहून ठेवलंय आणि नंतर कुणी त्याकडे पाहिलं नाही. "पाणी मागत होता आणि सारखी चुळबुळ करत होता." ओरडणाऱ्या पेशंटचा मेंदू चालू असतो, फुप्फुस चालू असतं. आम्ही नवीन मुलींना सांगायचो, जो ओरडतोय त्याला सांग थांब, जो गप्प पडून पाणी मागतोय त्याचा हात धर. हात कोपरापर्यंत गार लागला, कपाळाला चिकट घाम आला, "मला उठवून बसवा" म्हणाला, की मामांना सांगायचं आधी ओटी उघडा, डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणोत.

भूलथापा

सिस्टर, हात जोडतो. पण थोडं भांडू द्या. अमेरिकेतल्या दहा मोठ्या ट्रॉमा सेंटरांच्या एका अभ्यासात डॉक्टरांना रुग्ण पाहिल्यावर सरळ विचारलं होतं, याला प्रचंड रक्त लागेल असं वाटतं का? खरोखर लागलेल्यांपैकी सुमारे पासष्ट टक्क्यांनाच त्यांनी "हो" म्हटलं होतं. तीनातला एक निसटला. तेही रोज हेच काम करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांकडून.

सिस्टर_निवृत्त

डॉक्टरांना विचारलं होतं ना? मग बरोबर आहे.

थेम्सकाठी

😄 सिस्टर, तुम्हाला इकडे न्यायला हवं.

भांडण सोडवते. ज्या मोठ्या चाचणीमुळे एकास एक रक्त-प्लाझ्मा देण्याची पद्धत सगळीकडे रुळली (प्रॉपर, २०१५, बारा केंद्रं, ६८० रुग्ण), तिच्यात रुग्ण निवडले कसे होते माहितीये? एबीसीचे दोन गुण किंवा डॉक्टरला वाटलं म्हणून. "किंवा". म्हणजे ज्यांनी आयुष्य या विषयाला दिलं त्यांनीही आकड्याला आणि हाताच्या गारव्याला एकमेकांची जागा दिली नाही, दोघांनाही घंटेची दोरी ओढायची मुभा दिली.

त्या चाचणीत चोवीस तासांच्या आणि तीस दिवसांच्या एकूण मृत्यूंत फरक सिद्ध झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पहिल्या चोवीस तासांत रक्त वाहून गेल्याने झालेले मृत्यू एकास एक गटात ९.२ टक्के, दुसऱ्यात १४.६. आणि नंतर त्याच माहितीवरून निघालं की रक्ताचा पहिला डबा यायला जितकी मिनिटं उशीर, तितकी दर मिनिटाला मृत्यूची शक्यता पाचेक टक्क्यांनी चढती. त्या केंद्रांत डबा दहा मिनिटांच्या आत खाटेपाशी होता. तुमच्याकडे फाटक आहे.

मला सर्वांत महत्त्वाचं इथेच वाटतं. स्कोअर नुसता कागदावर काढून उपयोग नाही, त्याने डबा हलायला हवा. आमच्याकडे ॲम्ब्युलन्समधूनच "कोड रेड" असा फोन येतो आणि पेढीचा माणूस निघतो. लंडनच्या हवाई ॲम्ब्युलन्समध्ये तर २०१२ पासून रक्तच असतं.

भूलथापा

"तुमच्याकडे फाटक आहे." हे वाक्य आमच्या कॅज्युअल्टीत लावायला हवं.

एबीसीबद्दल एक खदखद आहे ती काढतो. तो ज्या शहरांत तयार झाला तिथे गोळ्या आणि सुरे बरेच. आमच्याकडे येतो तो दुचाकीवाला, ट्रॅक्टरखाली सापडलेला, विहिरीवर काम करताना पडलेला, बैलाने ढकललेला. (शिंग घुसलं तर एक गुण मिळतो म्हणा.) म्हणजे चारपैकी एक प्रश्न आमच्यासाठी जवळजवळ कायमचा शून्य. चारपैकी दोन नव्हे, तीनपैकी दोन मिळवायचे. त्यातला फास्ट रात्री करणार कोण?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गर्भलिंग तपासणी थांबवणारा १९९४ चा कायदा आहे, गरजेचाच आहे. पण त्यामुळे सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवलेलं, जागा ठरलेली, वापरणारा डॉक्टरही नोंदवलेला. कॅज्युअल्टीत सहज ओढून आणावं अशी ती वस्तू राहिलेली नाही. आमचं यंत्र पहिल्या मजल्यावर कुलपात, रेडिओलॉजिस्ट घरी. त्या रात्री फास्ट झाला तोच पंचविसाव्या मिनिटाला.

कळफलक

इतकी आकडेमोड आहे तर मग एआय का नाही? मोबाईलमध्ये टाकायचं, उत्तर मिळेल.

आकडेमोडे

यंत्राला शिकवायला हजारो रुग्णांची पहिल्या पाच मिनिटांतली नाडी, बीपी, वेळ नीट लिहिलेली लागते. वर सायरन सांगतायत की चालत्या गाडीत मशीन १४० दाखवतं. कचरा घालून शेणखतसुद्धा नीट होत नाही, भाकीत कुठून होणार!

भूलथापा, मी तुमच्या तक्रारीवरून शोधाशोध केली. घुसलेली जखम आणि फास्ट ठेवून बाकी बदललेला एक स्कोअर अमेरिकेतच २०१८ च्या सुमारास आला आहे, रॅब्ट नावाचा: घुसलेली जखम, शॉक इंडेक्स एकच्या वर, पेल्विस मोडलेलं, फास्टमध्ये रक्त. चारपैकी दोन.

भूलथापा

बरोबर, विसरलोच होतो! माझ्या रुग्णाला त्यात तीन मिळाले असते. शॉक इंडेक्स दारातच, पेल्विस एक्स-रेने, म्हणजे फास्टची वाटही पाहायला नको. एक्स-रे आमच्याकडे रात्री असतो.

जर्मनांचा टॅशही आहे, २००६ चा, अठ्ठावीस गुणांचा. बीपी, नाडी, हिमोग्लोबिन, बेस एक्सेस (रक्तात आम्ल किती साचलंय त्याचं माप), फास्ट, पेल्विस, मांडीचं हाड आणि पुरुष असल्याचा एक गुण. सोळा गुण झाले की निम्मी शक्यता. चांगला आहे, पण ते माप काढणारं एबीजी मशीन हवं आणि आमचं मशीन कार्ट्रिज असेल तेव्हा चालतं. शिवाय सुरुवातीचं हिमोग्लोबिन फसवं असतं. रक्त सांडताना पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात सांडतात, त्यामुळे पहिला आकडा १२ येतो आणि आपण खूश होतो. आपण सलाईन ओतल्यावर किंवा शरीराने पाणी ओढल्यावर तो खरं बोलायला लागतो.

कुतूहलराव

पुरुष असल्याचा गुण! बायकोला दाखवतो.

पण सलाईन ओतल्याने रक्त पातळ होतं तर ओततात कशाला? आमच्या भावाला अपघातात सहा बाटल्या लावल्या होत्या, आम्हाला वाटलं फार चांगली ट्रीटमेंट चाललीय.

थेम्सकाठी

पूर्वी सगळीकडे तेच करायचे, तुमच्या भावाच्या डॉक्टरांचा दोष नाही. आता थोडंसंच देतात. गार सलाईनने अंग गार पडतं, गोठवणारे घटक पातळ होतात, आणि बीपी एकदम वर चढवलं तर कशीबशी धरलेली गुठळी निसटते. गार अंग, रक्तातलं वाढलेलं आम्ल आणि न गोठणारं रक्त, ही तिन्ही एकमेकांना वाढवत नेतात. त्यात चौथं कॅल्शियम: पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं, ते रुग्णाचं कॅल्शियम खातं. म्हणून तीन-चार पिशव्यांमागे कॅल्शियम द्यायचं, हे विसरतात लोक.

आणि ज्याला कुठलंही भाकीत लागत नाही असं एक औषध आहे, ते कुणी अजून म्हटलं नाही. ट्रानेक्झामिक ॲसिड. जपानमधल्या ओकामोटो दांपत्याच्या संशोधनातून आलेलं, स्वस्त. क्रॅश-२ चाचणी, २०१०, चाळीस देश, वीस हजारांवर रुग्ण, त्यात भारतातले पुष्कळ. एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. एकूण मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर. पण तीन तासांच्या आत. उशिरा दिलं तर नुकसानच दिसलं. रक्तस्रावाची शंका आली तरी द्यायचं, स्कोअरची वाट बघायची नाही.

पेढीवरचा

मी एक सुचवू का? तुम्ही सगळे हो की नाही यावर अडलाय. स्कोअर एक आला तर काही नाही, दोन आला तर सगळं. पेढीच्या बाजूने बघितलं तर मधल्या पायऱ्या आहेत की.

पहिला फोन: "नाडी बीपीच्या वर गेलेला पेशंट आहे, नमुना निघालाय." एवढ्यावर मी साठा बघतो, सहा पिशव्या बाजूला काढतो, नमुना आल्या आल्या जुळवायला घेतो. यात काही वाया जात नाही. पेशंट ठीक निघाला तर पिशव्या परत रॅकवर. दुसरा फोन: "फास्टमध्ये रक्त" किंवा "पेल्विस मोडलंय" किंवा "बीपी पडलं". तेव्हा मी एफएफपी पाण्यात टाकतो आणि तुमची गाडी येईपर्यंत डबा भरतो. महाग गोष्ट दुसऱ्या फोनवर, फुकट गोष्ट पहिल्या फोनवर.

फक्त फोन डॉक्टर, सिस्टर कुणीतरी करा. नातेवाइकाला चिठ्ठी देऊन पाठवू नका. तो बिचारा आधी चुकीच्या पेढीवर जातो, मग बदली रक्तदाता कुठून आणू म्हणून बाहेर रडत बसतो. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालाने बंदी आणली, तरी अशा वेळी गेटबाहेर कुणीतरी "मी सोय करतो" म्हणत उभा राहतोच.

आकडेमोडे

वा. माझ्या भाषेत सांगायचं तर खोटी घंटा स्वस्त केलीत. पहिल्या फोनची रेषा आता बिनधास्त खाली आणा, कारण तिची किंमत एका फोनची. दुसऱ्याची वर ठेवा. आणि अंतर जितकं जास्त तितकी पहिली रेषा अजून खाली. पेढी वरच्या मजल्यावर असणाऱ्याने एबीसीचे दोन गुण होईपर्यंत थांबलं तर चालेल, फाटक असणाऱ्याने नाही.

भूलथापा

चार महिन्यांनी परत आलो, राहिलेलं लिहितो.

कॅज्युअल्टीत बीपी मशीनच्या वर एक कागद चिकटवलाय. हाताने लिहिलेला, कारण छापलेले कागद आमच्याकडे कुणी वाचत नाही. चार ओळी. नाडी वरच्या बीपीच्या वर? पेल्विस किंवा मांडी मोडलेली वाटते? बीपी ९० खाली? फास्टमध्ये रक्त? एकालाही "हो" आलं की पहिला फोन, दोनांना "हो" की दुसरा. खाली पेढीचा नंबर आणि स्टेशनमास्तरच्या केबिनचा. (फाटक आमच्यासाठी उघडत नाही, पण गाडी कधी जाणार ते सांगतात, मग आमचा माणूस उड्डाणपुलाच्या लांबच्या रस्त्याने जायचं की नाही ते ठरवतो.) फोन करणारा ठरलेला: ड्युटीवरची सिस्टर. डॉक्टरची परवानगी लागत नाही. यावर आमच्या सर्जनांशी माझं चांगलं आठवडाभर भांडण झालं.

पहिला फोन आतापर्यंत नऊ वेळा गेला, दुसरा दोनदा. त्या दोघांतला एक टेबलावर गेला, यकृत फाटलं होतं. रक्त वेळेत आलं होतं, सर्जनला शहरातून यायला उशीर झाला. दुसरा परवा टाके काढायला आला. चालत.

पेढीवरचा, एक विचारायचं होतं. पहिल्या फोनवरच्या पिशव्या आम्ही एकदा उचलून आणल्या आणि लागल्या नाहीत. परत घेता का?

पेढीवरचा

फ्रीजबाहेर अर्ध्या तासाच्या आत असेल तर. तुम्हाला फाटक धरून ते जमणार नाही. बर्फाच्या पेटीतून, तापमान लिहून आणली असेल तर बघतो. म्हणून तर म्हटलं, पहिल्या फोनवर पिशव्या उचलू नका, नुसत्या सांगा. आमच्याकडेच राहू द्या.

सिस्टर_निवृत्त

कागदावर "पाणी मागतो का" लिहिलंय का?

भूलथापा

नव्हतं. आत्ता जाऊन लिहिलं. पाचवी ओळ, पेन्सिलीने. सर्जनांनी विचारलं तर खोडता येईल.

सिस्टर_निवृत्त

पेनाने लिहा.